बैलाचा पाय न लागलेली भाजी

गणपती बसायच्या आदल्या दिवशी बोरिवली स्टेशनच्या पश्चिमेला भाजीबाजारात गेलात तर एक गंमत दिसते. एरवी पाव किलो, अर्धा किलो असे तोलून देणाऱ्या भाजीवाल्या त्या दिवशी वाटे लावून बसलेल्या असतात. एका वाट्यात अळूची दोन-चार पाने देठांसकट, लाल माठाचे जाड देठ, एक शिराळे, पडवळाचा तुकडा, चार भेंड्या, लाल भोपळ्याची फोड, सुरणाची फोड, मक्याचे अर्धे कणीस, अंबाडीची एक काडी, थोड्या चवळीच्या शेंगा. "ऋषीची भाजी घ्या, ऋषीची!" असा पुकारा चाललेला असतो. नव्याने मुंबईत आलेली माणसे थबकून बघतात. ही कसली खिचडी, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो.

मंडळी, हा वाटा म्हणजे एक छोटे संग्रहालय आहे असे माझे मत आहे. छत्तीस वर्षे शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. सनावळ्या पाठ करून घेण्यात मुलांचाही वेळ गेला आणि माझाही. पण आज कुणी मला इतिहासाचा तास घ्यायला सांगितला तर मी फळ्यावर काहीही न लिहिता हा वाटा टेबलावर मांडीन आणि एकेक जिन्नस उचलून "हा कुठून आला, सांगा" असे विचारीन. आज तेच करायचा विचार आहे.

आधी नियम सांगते, कारण सगळी गंमत त्या नियमात आहे. भाद्रपद शुद्ध पंचमी ही ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे खायचे नाही. म्हणजे नांगरटीच्या शेतातले गहू, ज्वारी, तांदूळ, डाळी काही चालत नाही. चालते काय? तर हाताने खणून, हाताने लावून, हाताने पाणी घालून जे उगवले ते. आता असे कुठे उगवणार? घराच्या मागे, परसात. (आमच्या लहानपणी 'परसाकडे' या शब्दाला एक निराळाच अर्थ होता, त्यामुळे वर्गात 'परस' शब्द आला की मागच्या बाकावर हशा ठरलेला! आता संडास घरात आले आणि परस गेले, त्यामुळे मुलांना दोन्ही अर्थ माहीत नाहीत.) थोडक्यात, ही भाजी म्हणजे परसबागेचा वर्षातून एकदा होणारा सत्कार. ज्या घराला परस नाही त्या घराला खरे तर ही भाजी करताच येऊ नये.

आता हा नियम आला कुठून? व्रताची कथा वाचली तर एक धागा सापडतो. एक ब्राह्मण दांपत्य. बायकोने विटाळ पाळला नाही म्हणून पुढच्या जन्मी ती कुत्री झाली आणि नवरा बैल झाला, आणि दोघे आपल्याच मुलाच्या दारी राहिले. मुलाने वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी त्याच बैलाला दिवसभर नांगराला जुंपले आणि उपाशी ठेवले. कुत्रीने सापाचे विष पडलेल्या खिरीला तोंड लावून सगळ्यांचे प्राण वाचवले, तर सुनेने तिच्या कमरेत लाकूड घातले. रात्री दोघे आपले दुःख एकमेकांना सांगत होते ते मुलाने ऐकले, तो ऋषींकडे गेला आणि त्याला हे व्रत सांगण्यात आले. म्हणजे बैलाच्या श्रमाचे न खाणे हे एका अर्थी राबवलेल्या बापाचे स्मरण आहे.

कथेतला हा बैलाचा भाग मला फार हृद्य वाटतो आणि विटाळाचा भाग मुळीच पटत नाही. हे मी आजच सांगते आहे असे नाही. आमच्या सासूबाई कथा वाचायच्या तेव्हाही मी ऐकायला बसत नसे, आणि त्याही मला बस म्हणत नसत. भाजी चिरायला मात्र मी पहिली. माझी नात अकरावीत आहे. तिने मागच्या वर्षी सरळ विचारले, "आजी, हे व्रत बायकांनी पाळी न पाळल्याचे पाप धुवायला आहे ना? मग ही भाजी आपण का करतो?" प्रश्न रास्त होता आणि "मोठ्यांना उलट विचारू नये" हे उत्तर माझ्याजवळ कधीच नव्हते. तिला जे सांगितले त्याचाच हा विस्तार आहे असे समजा.

समाजशास्त्राच्या अभ्यासकांमध्ये असे एक मत आहे की नांगर येण्यापूर्वीची शेती, म्हणजे काठीने किंवा कुदळीने उकरून कंद आणि बिया लावायची शेती, ही मुख्यतः बायकांच्या हातची होती. पुरुष शिकारीला जात, बायका कंदमुळे, पालेभाज्या गोळा करत, आणि गोळा करता करता त्यांच्या लक्षात आले की उकिरड्यावर टाकलेला कंद पुढच्या पावसात फुटतो. नांगर आणि बैल आले तशी शेती पुरुषांकडे गेली आणि बायकांकडे उरले ते परस. हे मत शंभर टक्के सिद्ध झाले आहे असे मी म्हणणार नाही, पण ऋषीच्या भाजीकडे या नजरेने पाहिले की ती वेगळीच दिसू लागते. वर्षातला एक दिवस नांगराला सुट्टी आणि बायकांच्या हातच्या जुन्या शेतीचा मान! कथा नंतर कुणीतरी वर चिकटवली असेल, भाजी मात्र तिच्याहून जुनी असावी, असा माझा तर्क आहे. तर्कच, पुरावा नव्हे.

आता एकेक जिन्नस उचलू या.

अळू आणि सुरण हे आपल्या आणि आपल्या पूर्वेकडच्या देशांतले फार प्राचीन कंद. दोन्हींची खोड एकच, ती म्हणजे घसा खाजणे. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला टोचतात. म्हणून अळूच्या भाजीत चिंच किंवा आंबट चुका आणि सुरणात चिंच किंवा आमसूल घालायची रीत पडली. पडवळ आणि शिराळी हीसुद्धा इथलीच. इथपर्यंत सगळे ऋषींना शोभेसे आहे.

पुढे मात्र पाहुणे यायला लागतात. भेंडी, चवळी आणि अंबाडी यांचे मूळ घर आफ्रिका. त्या इतक्या पूर्वी आल्या की आता त्यांना पाहुणे म्हणणेही अन्यायाचे. भाजीत घालतो ती चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेतली असे वनस्पतिशास्त्र सांगते. गंमत म्हणजे अरबांना ती हिंदुस्थानातच भेटली, म्हणून त्यांनी तिचे नाव ठेवले 'तमर-ए-हिंद', हिंदुस्थानचा खजूर. त्यावरूनच इंग्रजांचे टॅमरिंड.

आणि खरा धक्का पुढे आहे. मका, लाल भोपळा, रताळे आणि हिरवी मिरची ही चारही अमेरिका खंडातली. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचण्यापूर्वी आपल्याकडे यांतले काही असण्याचे कारण नाही. वसिष्ठ, विश्वामित्र, जमदग्नी, अत्री यांपैकी कुणीही मक्याचे कणीस पाहिलेले नव्हते, मिरची चाखलेली नव्हती. त्यांच्या काळी तिखटपणा म्हणजे मिरी, संस्कृतात 'मरीच', आणि त्या मिरीवरूनच नव्या पाहुणीला आपण 'मिरची' म्हणू लागलो. तरी मक्याशिवाय ऋषीची भाजी ही कल्पना आज आपल्याला सहन होत नाही. सीताफळ आणि रामफळ यांचेही तसेच. दोन्ही अमेरिकेची, आणि नावे कुणाची पाहा!

हे पाहुणे आणले मुख्यतः पोर्तुगीजांनी. गुजरातच्या बहादूरशहाशी १५३४ साली तह करून त्यांनी वसई आणि तिच्याबरोबर साष्टी व मुंबईची बेटे घेतली. आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सगळी त्या साष्टी बेटातली गावे. इथे त्यांची सत्ता दोनशे वर्षे राहिली, ती चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेपर्यंत, म्हणजे १७३९ पर्यंत. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यावर त्यांनी बांधलेल्या मठाचे अवशेष अजून उभे आहेत. पण मठापेक्षा टिकाऊ वस्तू त्यांनी आपल्या परसात आणि आपल्या जिभेवर ठेवून दिल्या. काजू, अननस, पपई हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. पेरू हा शब्दही त्यांच्या नासपतीच्या 'पेरा' या नावावरून आला असे मानतात. 'बटाटा' तर फारच मजेशीर. मूळ अमेरिकन बेटांवर 'बटाटा' म्हणजे रताळे! पोर्तुगीजांनी शब्द उचलला, पुढे तो दुसऱ्याच कंदाला चिकटला, आणि रताळे बिचारे आपल्याकडे रताळेच राहिले.

याच काळातला एक माणूस मला विशेष आवडतो. गार्सिया दा ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे आणि सोळाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई बेट त्याला खंडाने मिळालेले होते. त्याने हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात नारळ, फणस, आंबा यांवर तो रंगून बोलतो. आपल्या मुंबईच्या जागेत एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, एकदा मे महिन्यात आणि एकदा नाताळाच्या सुमारास, असे तो कौतुकाने सांगतो. म्हणजे मुंबईतल्या घरच्या बागेविषयी फुशारकी मारायची परंपरा निदान साडेचारशे वर्षांची आहे, मी काही नवीन करत नाही!

अर्थात बाग त्याच्याही फार आधीची. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यात त्याने बत्तीस हजार नारळाची झाडे दान दिल्याची नोंद आहे आणि दान घेणाऱ्यांच्या ठिकाणांत शूर्पारक, म्हणजे आपले नालासोपारा, याचे नाव आहे. त्या नारळांखाली कुणी अळू लावले होते का, हे शिलालेख सांगत नाही. राजे झाडे मोजतात, भाजी कोण मोजणार?

वसईकडे या बागाईतीला 'वाडी' म्हणतात आणि ती करणारे ते वाडवळ. केळी, पानवेल, फुले, भाज्या यांची वाडी. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी ही तिथली खासियत. आपल्या उपनगरांतही अशाच वाड्या होत्या. एक्सर, शिंपोली, वजिरा, गोराई, मनोरी, मरोळ, आंबोली ही गावे म्हणजे भातखाचरे आणि वाड्या. चिंचोली, बोरिवली ही नावे झाडांवरूनच पडली असे जुनी माणसे सांगत. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, १८६७ साली विरारहून मुंबईला लोकल धावू लागली, आणि वाडीतली भाजी पहाटेच्या गाडीने मुंबईला जाऊ लागली. काही वर्षांनी त्याच गाडीने मुंबईची माणसे वाडीत राहायला आली. १९५० साली अंधेरी, घाटकोपर आणि १९५७ साली बोरिवली, मुलुंड बृहन्मुंबईत आले. मग वाड्यांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर सोसायट्या झाल्या. पण त्या पहिल्या सोसायट्या तीन मजली, आणि मागे थोडी जागा सुटलेली. त्या सुटलेल्या जागेत वाडी पुन्हा उगवली, बायकांनी उगवली.

सरकारचाही हातभार लागला म्हणायचा. १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले आणि त्याच सुमारास 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम निघाली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी एक वेळ जेवू नका आणि मोकळ्या जागेत भाजीपाला लावा असे आवाहन केले, स्वतःच्या बंगल्याच्या हिरवळीवर नांगर फिरवला. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. आमच्या गिरगावातल्या चाळीत मोकळी जागा म्हणजे गॅलरी. तरी चाळीतल्या बायकांनी डालड्याच्या डब्यांत मिरच्या आणि कोथिंबीर लावली होती. सोमवारची उपासमार पोरांना आवडली नाही, डबे मात्र पुढे कित्येक वर्षे राहिले.

लग्न होऊन १९७४ साली मी बोरिवलीला आले ती तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. मागे साधारण बारा हात लांब आणि आठ हात रुंद अशी जागा. सासूबाई राजापूरकडच्या. त्यांनी तेवढ्यात काय काय बसवले होते हे सांगितले तर खोटे वाटेल. कुंपणाला शेवगा आणि एक नारळ. मोरीचे पाणी जाई त्या चरात अळू, आणि त्याच्या पुढे केळीची तीन-चार खुंटे. भिंतीकडेला हळद आणि सुरण. दोऱ्या बांधून वर चढवलेले पडवळ, घोसाळे, वाल. उरलेल्या जागेत माठ, भेंडी, अंबाडी. पडवळ वाकडे होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधून ठेवायच्या. शेजारच्या बाळगोपाळांना ते दगड म्हणजे आयते झोपाळेच.

त्या परसाचे एक पंचांग होते आणि स्वयंपाक त्या पंचांगाप्रमाणे चाले. वैशाखात सुरणाचे डोळे आणि हळदीचे कोंब जमिनीत जायचे. मृगाचा पाऊस पडला की चार दिवसांत अळू मान वर काढी. नागपंचमीपर्यंत हळदीची पाने पातोळ्यांपुरती रुंद झालेली असत. तांदळाच्या पिठाचा पातळ थर, त्यावर गूळ-खोबरे, पान दुमडायचे आणि वाफवायचे. मोदकपात्राचे झाकण उघडल्यावर जो वास येतो तो विकत मिळत नाही. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी. मग ऋषिपंचमी, सगळ्या परसाची एकदम हजेरी. भोगीला वाल, पावटे, वांगी, गाजर, तीळ यांची मिसळीची भाजी, म्हणजे ऋषीच्या भाजीची थंडीतली बहीणच, फक्त हिला बैल चालतो. माघात शेवग्याला फुले, फाल्गुनात शेंगा. केळीचे लोंगर उतरले की केळफुलाची भाजी. ते सोलून, प्रत्येक फुलातला ताठ दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढून, हाताला तेल लावून चिरायचे, रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवायचे. दोन तासांचे काम, आणि भाजी दहा मिनिटांत संपे.

ऋषीच्या भाजीची आमच्या घरची कृतीही लिहून ठेवते, सुना-नातींसाठी. फोडणी नाही, तेल नाही. सुरण आणि मक्याच्या कणसाचे तुकडे आधी चिंचेच्या पाण्यात शिजत ठेवायचे. मग माठाचे देठ, अळूचे देठ सोलून, चवळी. ते अर्धे शिजले की भोपळा, पडवळ, शिराळी, भेंडी. अळूची आणि अंबाडीची पाने चिरून सगळ्यांत शेवटी. मीठ, ठेचलेली हिरवी मिरची, भरपूर ओले खोबरे, आणि उतरवताना वरून घरच्या लोण्याचा गोळा. ढवळायचे नाही, भांडे हलवायचे, नाहीतर भोपळ्याचे पिठले होते. वऱ्याच्या भाताबरोबर खायची. (लोण्याला म्हैस चालते, बैल नाही, हा सासूबाईंचा युक्तिवाद!)

खाण्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे उरलेल्याचे काय करायचे हे. नारळाची झावळी पडली की दुपारी सासूबाई विळीवर बसून हीर काढायच्या आणि महिन्याला एक खराटा तयार. करवंटी घासून, बाजूला भोके पाडून, बांबूची कामटी खोवली की आमटीची डवली. शेंड्यांचा काथ्या भांडी घासायला. केळीचे खुंट कापले की त्याची सोपे सुकवून, चिरून त्यांचा दोरा, त्यात अबोली ओवायची. फुलवाले अजूनही त्याच दोऱ्यात हार करतात, कारण ओला केला की तो मऊ होतो आणि फुलाला कापत नाही. घोसाळे मुद्दाम एक-दोन वेलीवरच वाळू द्यायचे, सालीच्या आतली जाळी अंग घासायला. फणसाची पाने कुणी दिली तर ती हिरांनी टाचून द्रोण. अंबाडीची सोललेली काडी पाण्यात कुजवली की वाख निघतो. देशावर शेतकरी त्याचे दोर वळत, बैलांची दावी त्याचीच. म्हणजे ज्या भाजीत बैलाला सुट्टी, तिच्यातच त्याचे दावेही होते!

हे सगळे हस्तकौशल्य आहे असे त्या काळी कुणाला वाटत नसे. शाळेत मात्र 'कार्यानुभव' नावाचा विषय होता आणि त्यात मुले बाजारातून घोटीव कागद आणून फुले करत. मी एका वर्षी सातवीच्या मुलांना केळीची सोपे आणि हीर आणायला सांगितले. वर्गातल्या आरे कॉलनीच्या पाड्यावरून येणाऱ्या एका वारली मुलाने वाळलेल्या दुधीचा तारपा आणून वाजवून दाखवला. दुधी पोखरून, बांबूच्या नळ्या मेणाने बसवून आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा लावून केलेले वाद्य. एरवी तोंडातून शब्द न काढणारा तो मुलगा त्या दिवशी सगळ्या वर्गाचा गुरुजी झाला होता. दुधी हा भाजीचाच वेल, पण कुणाच्या परसात त्याची कोशिंबीर होते आणि कुणाच्या परसात त्याचे संगीत होते.

असो. आता जरा अवघड भागाकडे वळते.

आमची इमारत २०१८ साली पुनर्विकासाला गेली. नव्या आराखड्यात मागची जागा पार्किंगला. सभेत बरीच चर्चा झाली. झाडे वाचवा म्हणणारे दोघे-तिघे, बाकी सगळ्यांना लिफ्ट हवी होती, पाझरणाऱ्या भिंतींतून सुटका हवी होती. मी कुणाच्या बाजूने? मी होकाराची सही केली, आणि पुन्हा वेळ आली तरी करीन. यजमानांचे गुडघे, माझा दमा, आणि इमारतीच्या खांबांतून दिसणाऱ्या सळ्या यांच्यापुढे पडवळाचे काय चालणार? पण सही करतानाच हेही ठरवले की जे जमिनीत आहे ते जमिनीबरोबर जाऊ द्यायचे नाही.

मोठ्या झाडांसाठी १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, परवानगी लागते, झाड तोडले तर बदली झाडे लावावी लागतात. अळूसाठी कायदा नाही. हळद, सुरण, माठ यांची कुठल्याच नकाशावर नोंद नसते. जेसीबी यायच्या आधीचे दोन महिने मी आणि शेजारच्या दोघीजणी खणत होतो. सुरण गोणपाटात, हळद वाळूत, वाल, अंबाडी, माठ यांचे बी राख लावून बरण्यांत. अळूचे कंद तर एकवीस घरांत वाटले. मुलुंडच्या नणंदेकडे, अंधेरीच्या माझ्या मैत्रिणीकडे, घाटकोपरच्या भाच्याकडे, आणि आमची घरकाम करणारी बाई दहिसरला राहते तिच्याकडे. सासूबाईंनी हे अळू राजापूरहून कधी आणले ते मला माहीत आहे, १९६१ साली. त्यांच्या आईकडे ते कुठून आले हे त्यांनाही माहीत नव्हते. अळूला बी सहसा धरत नाही, कंदालाच कंद फुटतो. म्हणजे माझ्या कुंडीतले अळू हे त्या अळूचे अपत्य नव्हे, ते तेच अळू आहे. ऋषींच्या काळापर्यंत ही साखळी जात असेलही. मधल्या कुणीही एका बाईने कंटाळा केला असता तर ती तिथेच तुटली असती.

२०२२ पासून आम्ही सातव्या मजल्यावर आहोत. उसाच्या चिपाडांत, वाळलेल्या पानांत भाजी पिकवायची पद्धत डॉ. आर. टी. दोशी यांनी मुंबईच्या गच्च्यांवर करून दाखवली होती, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बागच उभी केली. त्यांच्याविषयी वाचून धीर आला. आमच्या सोसायटीने गच्चीचा एक कोपरा दिला आहे. अळू मोठ्या टबात उत्तम येते, हळद बरी येते, माठ-अंबाडीला काही लागत नाही. सुरण मात्र टबात लिंबाएवढाच होतो. पडवळाला दगड बांधायची सोय नाही, खाली गाड्या उभ्या असतात!

आता तो नियम पुन्हा एकदा तपासू या. बैलाच्या श्रमाचे खायचे नाही. पण आता शेतात बैल राहिला आहे किती? नांगरट ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने. शब्दशः नियम पाळायचा तर आता ऋषिपंचमीला पोळीसुद्धा चालावी. नातीने हे बरोबर पकडले. मग मी तिला म्हटले, बैलाला रजा मिळाली, छान झाले. पण नियमाची दुसरी बाजू उरतेच, ती म्हणजे स्वतःच्या हाताचे खायचे. वर्षातून एकदा तरी ताटात असे काही हवे की ज्याला आपण पाणी घातले आहे. यासाठी पापाची कथा लागत नाही आणि बाईच असायला हवे असेही नाही. यंदा अळूचे देठ सोलायला तिचा बाबाही बसला होता. हात खाजले त्याचे, चिंचेचे पाणी लावले.

आमच्या भाजीत यंदा अकरा जिन्नस होते. त्यांतले अळू, माठ, अंबाडी आणि मिरची हे चार घरचे, बाकी सात बाजारच्या वाट्यातले. पुढच्या वर्षी पाच करायचा नातीचा बेत आहे, भेंडीचे बी तिने बाजूला काढून ठेवले आहे.

तुमच्याकडे ऋषीच्या भाजीत काय काय घालतात? कुणाकडे लोणी नसून ताक असते का, कुणी आमसूल घालते का, देशावरच्या घरांत वेगळी रीत आहे का, हे जाणून घ्यायला मला आवडेल. आणि काळ्या देठाच्या अळूचा कंद कुणाला हवा असेल तर मृगाच्या आधी सांगून ठेवा. कुरिअरने पाठवता येतो, ओल्या फडक्यात गुंडाळून. पुण्याच्या सुमनवन्संना तसा पाठवला होता, तो फुटला.